क्रिप्टो सरकारला दिसतं का? आणि दिसलं तर टॅक्स कसा लागतो?

लोकलमध्ये रेंज गेली म्हणून ज्यांनी अर्धाच एपिसोड ऐकला, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना सतरा वेळा आलेलं ‘ॲक्च्युअली’ तेवढं काढलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

गेल्या काही महिन्यांत तुमच्याकडून जे व्हॉइस मेसेज आले, त्यात एक प्रश्न फिरून फिरून येतो. शब्द वेगळे असतात, पण गाभा हाच: “दादा, बिटकॉइनवर कुणाचं नाव नसतं ना? मग सरकारला कळणार कसं? आणि कळलंच नाही तर टॅक्स कशाला भरायचा?” हे विचारणारी मुलं काळा पैसा लपवणारी नाहीत. कुणी पहिल्या पगारातले पाच हजार टाकलेत, कुणी मित्राच्या सांगण्यावरून यूएसडीटी घेतलंय. आणि गंमत म्हणजे बऱ्याच जणांना अर्धवट माहितीमुळे एकाच वेळी दोन गोष्टी वाटतात: सरकारला काहीच दिसत नाही, आणि सरकार कधीही सगळं जप्त करेल. दोन्ही खरं नाही. नेमकं काय दिसतं, कुठून दिसतं, ते बघू.

आधी ती वही समजून घ्या. समजा गावात एक मोठी खातेवही आहे आणि ती चावडीवर उघडी ठेवलीये. गावात कुणीही कुणाला पैसे दिले की त्या वहीत नोंद होते. कुणीही यावं, पान उलटावं, वाचावं. एकच पथ्य: वहीत नावं लिहायची नाहीत, आकडे लिहायचे. ‘७४३ ने ९१२ ला इतके दिले.’ बिटकॉइनची ब्लॉकचेन म्हणजे साधारण हीच वही. फरक इतकाच की तिच्या प्रती जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर आहेत, साधारण दर दहा मिनिटांनी तिच्यात एक नवं पान जोडलं जातं, आणि मागचं पान फाडता येत नाही. पहिलं पान ३ जानेवारी २००९ चं. ते आजही आहे, तुम्ही मोबाइलवर उघडून बघू शकता.

आता तुमच्या बँकेच्या खात्याशी तुलना करा. तुमचं स्टेटमेंट मला दिसत नाही. शेजाऱ्याला दिसत नाही. पोलिसांनासुद्धा ते बँकेकडून रीतसर मागवावं लागतं. बिटकॉइनच्या बाबतीत व्यवहार सगळ्या जगाला दिसतात, फक्त माणूस दिसत नाही. म्हणजे ‘गुप्त’ हा शब्द इथे चुकीच्या जागी वापरला जातो. टोपणनावानं लिहिणारा लेखक असतो ना, तसं आहे हे. एकदा कुणाला कळलं की या टोपणनावामागे कोण आहे, की त्यानं आजवर लिहिलेलं सगळंच उघडं पडतं. फक्त पुढचं नाही, मागचंसुद्धा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग आकड्यामागचा माणूस शोधायचा कसा? इथे एक साधी युक्ती आहे. बिटकॉइनमध्ये शिल्लक ही बँकेसारखी एका आकड्यात नसते, ती खिशातल्या नोटांसारखी असते. समजा तुमच्याकडे दोनशेची एक नोट आहे आणि शंभराची एक, आणि दुकानात द्यायचेत दोनशे साठ. तुम्ही दोन्ही नोटा पुढे करता आणि चाळीस रुपये सुट्टे परत घेता. बिटकॉइनमध्येही तसंच होतं. दोन वेगवेगळ्या आकड्यांवरचे पैसे एकाच व्यवहारात एकत्र बाहेर पडले, तर बहुतेक वेळा ते दोन्ही आकडे एकाच माणसाचे असतात. दोन नोटा एकाच खिशातून निघाल्या ना! आणि सुट्टे ज्या नव्या आकड्यावर परत आले, तोही बहुधा त्याचाच. असं करत करत हजारो सुटे आकडे एकाच गाठोड्यात बांधता येतात.

२०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या सारा मीकलजॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच करून दाखवलं. त्यांनी काय केलं, तर स्वतः गिऱ्हाईक बनून वेगवेगळ्या एक्सचेंजवर, दुकानांत, जुगाराच्या साइटवर बिटकॉइन पाठवले, घेतले. आपण ज्याला पैसे दिले तो आकडा कुणाचा हे तर माहीतच असतं! मग त्या एका आकड्यावरून त्याच्या अख्ख्या गाठोड्यावर नावाची चिठ्ठी लावता येते. हॅकिंग नाही, गुप्त यंत्र नाही. आज चेनॲनालिसिससारख्या कंपन्या हेच काम मोठ्या प्रमाणावर करतात आणि त्यांचं सॉफ्टवेअर अनेक देशांच्या तपास यंत्रणा विकत घेतात.

आता एक गोष्ट सांगतो. मला स्वतःला ही केस फार आवडते, म्हणून जरा लांबण लागेल.

ऑगस्ट २०१६. बिटफिनेक्स नावाच्या एक्सचेंजमधून जवळपास १ लाख २० हजार बिटकॉइन चोरीला गेले. चोराला वाटलं असणार, आकड्यामागे माण्‌सू दिसत नाही, आता आपण मोकळे. पण चोरीचा माल त्या उघड्या वहीत सगळ्या जगासमोर पडून होता. हलवला की दिसणार. त्यातला बराचसा माल पाच वर्षांहून जास्त काळ हललाच नाही. थोडा भाग मात्र हळूहळू बाहेर काढला गेला, आणि तो अल्फाबे नावाच्या डार्कनेट बाजारातून फिरवला गेला. हेतू असा की एका बाजूनं पैसे आत गेले आणि दुसऱ्या बाजूनं वेगळेच बाहेर आले की माग तुटेल. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या गर्दीत शिरून पलीकडच्या गल्लीतून बाहेर पडावं तसं. पण जुलै २०१७ मध्ये अल्फाबेच सरकारी यंत्रणांनी बंद पाडला. ज्या गर्दीत लपायचं, त्या गर्दीचाच हिशेब पोलिसांच्या हाती लागला.

पुढचा भाग तर आणखी साधा. चोरीच्या पैशातला थोडासा भाग वॉलमार्टचं गिफ्ट कार्ड घ्यायला वापरला गेला. ५०० डॉलरचं कार्ड! आणि ते वापरलं गेलं ते त्या जोडप्यातल्या बायकोच्या नावाच्या खात्याशी जोडलेल्या मोबाइल ॲपवरून. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इल्या लिख्टेनस्टाइन आणि हेदर मॉर्गन या नवरा-बायकोला अटक झाली. लिख्टेनस्टाइनच्या क्लाउड स्टोरेजमधल्या एका फाइलमध्ये वॉलेटच्या किल्ल्या सापडल्या आणि सरकारनं ९४ हजारांहून जास्त बिटकॉइन ताब्यात घेतले. त्या दिवशीच्या भावानं ३६० कोटी डॉलर. चोरी झाली तेव्हा सगळ्या मालाची किंमत ७ कोटी डॉलरच्या आसपास होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

यात अडकले कुठे ते बघा. गणित कुणी फोडलं नाही, बिटकॉइनचं कोडं कुणी सोडवलं नाही. क्रिप्टोच्या जगातून रोजच्या जगात यायचं जे दार असतं, तिथे ते सापडले. कोट्यवधी डॉलरचे बिटकॉइन असले तरी भाजी, पेट्रोल, घरभाडं यासाठी शेवटी कुठल्यातरी दारातून यावंच लागतं. आणि दारावर नाव विचारतात. सरकारं नजर ठेवतात ती मुख्यतः या दारांवर.

टॅक्सवाल्यांनाही हे कळलं, थोडं उशिरा का होईना. अमेरिकेच्या आयकर खात्यानं, म्हणजे आयआरएसनं, कोर्टात एक आकडा ठेवला होता. २०१५ सालासाठी बिटकॉइनचे व्यवहार रिटर्नमध्ये दाखवणारे लोक किती, तर अख्ख्या अमेरिकेत फक्त ८०२! आणि त्या काळात एकट्या कॉइनबेस एक्सचेंजचे ग्राहक लाखोंनी होते. मग आयआरएसनं २०१६ मध्ये कॉइनबेसला एक वेगळ्या प्रकारचं समन्स धाडलं. नाव माहीत नसलेल्या लोकांची माहिती मागणारं समन्स. कॉइनबेस कोर्टात भांडली. शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये कोर्टानं मागणी छाटली, पण मान्य केली: २०१३ ते २०१५ मध्ये कुठल्याही एका वर्षात २० हजार डॉलर किंवा जास्त उलाढाल ज्यांनी केली, त्यांची माहिती द्या. असे ग्राहक निघाले १४ हजारांच्या वर. म्हणजे माहिती कंपनीकडे आधीपासून होती, सरकारनं फक्त दार वाजवलं.

आता आपल्याकडे या.

भारतात आधी दारच बंद करून पाहिलं. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं की बँकांनी क्रिप्टोशी संबंधित कुणालाही सेवा देऊ नये. ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की रिझर्व्ह बँकेला अधिकार आहे, पण नुकसान झाल्याचं काही दाखवलेलं नसताना इतका कडक उपाय प्रमाणाबाहेर आहे. आणि मग १ फेब्रुवारी २०२२ च्या बजेटमध्ये निर्मला सीतारामन यांनी दुसरा मार्ग काढला: बंदी नाही, टॅक्स. कायद्यात याला ‘व्हर्च्युअल डिजिटल ॲसेट’ म्हणतात. आणि टॅक्स लावला म्हणजे आम्ही त्याला कायदेशीर मान्यता दिली असं समजू नका, हेही सरकारनं तेव्हाच सांगितलं. मला विचाराल तर ही भूमिका सरकारच्या सोयीची आहे आणि तुमच्या आमच्या गैरसोयीची. टॅक्स घेताना मालमत्ता, आणि बुडाल्यावर मात्र ‘आम्ही कुठे मान्यता दिली होती?’

टॅक्सचं गणित बघू. नफ्यावर सरसकट ३० टक्के, त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. स्लॅब वगैरे काही नाही. एक लाखाला घेतलं, दीड लाखाला विकलं, नफा ५० हजार, टॅक्स १५,६००. खर्च म्हणून फक्त खरेदीची किंमत वजा होते. इंटरनेटचं बिल, कोर्सची फी, लॅपटॉप, काही नाही. आणि खरी मेख पुढे आहे: तोटा वळता करता येत नाही. समजा बिटकॉइनमध्ये तुम्ही ४० हजार कमावले आणि दुसऱ्या एखाद्या कॉइनमध्ये ४० हजार घालवले. तुमच्या हिशेबानं वर्ष संपलं तेव्हा हातात शून्य. सरकारच्या हिशेबानं नफा ४० हजार, टॅक्स १२,४८०. तो तोटा पुढच्या वर्षावरही ढकलता येत नाही. शेअर बाजारात असं नाही. तिथे तोटा वळता होतो, पुढेही नेता येतो. हा फरक अनेकांना रिटर्न भरायच्या आठवड्यात कळतो, आणि मग सीएला फोन जातात.

या ३० टक्क्यांवर सगळे बोलतात. पण पाळत ठेवायच्या दृष्टीनं महत्त्वाची तरतूद दुसरीच आहे. १ जुलै २०२२ पासून सुरू झालेला १ टक्का टीडीएस. हा नफ्यावर नाही, विक्रीच्या पूर्ण रकमेवर. (वर्षाला ठरावीक मर्यादेपर्यंत सूट आहे: बहुतेक पगारदार, विद्यार्थी वगैरेंना ५० हजार, इतरांना १० हजार.) ९० हजाराला विकलंत तर ९०० रुपये कापले जाणार, तुम्ही नफ्यात असा की तोट्यात. हे पैसे तुमच्या टॅक्समधून वजा होतात, जास्त झाले तर रिफंड मिळतो. मग सरकार कापतं कशाला? कारण प्रत्येक कापणीबरोबर तुमचा पॅन नंबर जातो. भारतातल्या एक्सचेंजवर तुम्ही विकलंत की त्याची नोंद तुमच्या फॉर्म २६एएस मध्ये आपोआप येऊन बसते. टोल नाक्यावर पावती फाडतात ना, तसं. टोलचे पैसे किती, यापेक्षा गाडीचा नंबर टिपला गेला हे महत्त्वाचं.

या टोलचा एक परिणाम सरकारच्या मनाविरुद्ध झाला. जी मुलं दिवसाला दहा वेळा घे-विक करायची, त्यांच्यासाठी हा धंदाच बसला. ढोबळ हिशेब करा: ५० हजार घेऊन बसलात, नफा-तोटा काहीच नाही असं धरलं, तरी शंभर वेळा विकल्यावर प्रत्येक वेळच्या एक टक्क्यानं हातात साधारण १८,३०० उरतात. बाकीचे रिफंड होतील, पण कधी? रिटर्न भरल्यानंतर! मग लोकांनी काय केलं, भारतातली ॲप सोडून परदेशी ॲप धरली. तिथे टीडीएस कोण कापणार? म्हणजे पाळत ठेवायला कॅमेरा लावला आणि लोक दुसऱ्या रस्त्यानं जायला लागले. क्रिप्टोवाल्या कंपन्या तेव्हापासून म्हणताहेत की हा दर ०.०१ टक्का करा, नोंद तर तेवढ्यातही होईल. हा युक्तिवाद मला पटतो. २०२५ पर्यंतच्या कुठल्याही बजेटनं तो ऐकला नाही.

सरकारनं ऐकायच्या ऐवजी दुसरा रस्ताही अडवला. मार्च २०२३ मध्ये क्रिप्टो एक्सचेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणलं. म्हणजे बँकेसारखं केवायसी करा, रेकॉर्ड ठेवा, संशयास्पद व्यवहार ‘फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट’ला कळवा. परदेशी कंपन्यांना वाटलं, आमचं ऑफिस कुठे भारतात आहे? २८ डिसेंबर २०२३ ला बायनान्स, कुकॉइन, क्रॅकनसह नऊ परदेशी एक्सचेंजना नोटिसा निघाल्या. जानेवारी २०२४ मध्ये त्यांची ॲप भारतातल्या ॲपल आणि गुगलच्या स्टोअरमधून गायब झाली. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, फोन बदलला आणि ॲप परत टाकताच येईना. मग बायनान्सनं निमूटपणे नोंदणी केली, आणि जून २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लाखांचा दंडही लागला. जगातल्या सगळ्यात मोठ्या एक्सचेंजला भारतातलं गिऱ्हाईक सोडवत नाही. त्यापुढे मग केवायसी आलंच.

कमाई किती झाली? जुलै २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या उत्तरानुसार क्रिप्टोच्या नफ्यावरचा आयकर २०२२-२३ साठी सुमारे २६९ कोटी आणि २०२३-२४ साठी सुमारे ४३७ कोटी. भारताच्या एकूण कर वसुलीत हे म्हणजे समुद्रात खसखस. पण त्याच उत्तरात दुसरा आकडा होता: ज्यांनी व्यवहार केले पण रिटर्नमध्ये दाखवले नाहीत अशा ४४ हजारांहून जास्त लोकांना आयकर खात्यानं मेसेज-ईमेल पाठवले. हे कसं कळलं? इकडे टीडीएसची नोंद, तिकडे रिटर्नमधला ‘शेड्यूल व्हीडीए’ रिकामा. कॉम्प्युटरनं दोन रकाने ताडून पाहिले, संपलं काम.

मग काही दिसतच नाही असं काही आहे की नाही? आहे. प्रामाणिकपणे सांगायला हवं.

तुमच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवलेलं क्रिप्टो, ज्याची किल्ली फक्त तुमच्याकडे आहे, ते कुणी बँक खात्यासारखं गोठवू शकत नाही. (यूएसडीटीसारखी नाणी सोडून; ती काढणारी कंपनी ठरावीक पत्ते गोठवते, आणि गोठवलेही आहेत.) मोनेरोसारखी नाणी आहेत, त्यांच्या वहीत पाठवणारा, घेणारा, रक्कम, सगळंच झाकलेलं असतं. मिक्सर आहेत, जे अनेकांचे पैसे एकत्र ढवळून परत देतात. टॉर्नेडो कॅश या मिक्सरवर अमेरिकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये निर्बंध घातले, पण तिथल्याच अपील कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं की जो कोड कुणाच्याच मालकीचा नाही त्याच्यावर या कायद्यानं निर्बंध घालता येत नाहीत, आणि मार्च २०२५ मध्ये ते निर्बंध उठले. म्हणजे कायद्याचे हात तिथे अडखळतात. आणि रोख पैसे देऊन हातोहात घेतलेलं क्रिप्टो तर वहीत येतं, पण त्यापुढे नाव लिहायला कुणी नसतं.

चीनचं उदाहरणही बघण्यासारखं आहे. तिथे २०२१ मध्ये बिटकॉइन मायनिंगवर घाव घातला, सप्टेंबरमध्ये सगळे क्रिप्टो व्यवहार बेकायदा ठरवले. केंब्रिज विद्यापीठाच्या मोजणीत चीनचा मायनिंगमधला वाटा काही काळ शून्यावर गेला आणि जानेवारी २०२२ पर्यंत परत जगाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आला. चीनसारखं सरकार, वीज खाणारी अवजड मशीन, तरीही!

आता पीटूपीवर बोलू, कारण तुमच्या मेसेजमध्ये ‘दादा, टीडीएस वाचवायचा तर पीटूपी करू का?’ हे फार येतं. आणि मला यात टॅक्सपेक्षा दुसरीच भीती वाटते.

पीटूपी म्हणजे तुम्ही तुमचं यूएसडीटी थेट एका अनोळखी माणसाला विकता आणि तो तुम्हाला यूपीआयनं पैसे पाठवतो. माझ्या ओळखीतला पिंपरीचा एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्यानं असंच विकलं. बाजारभावापेक्षा दोन-तीन रुपये जास्त मिळाले म्हणून खूश होता. नवव्या दिवशी चहाच्या टपरीवर क्यूआर स्कॅन केला तर पेमेंट होईना. बँकेत गेला तर कळलं, खात्यावर लीन मार्क आहे, आणि तक्रार दुसऱ्याच राज्यातल्या सायबर पोलिसांकडची. त्याला ज्यानं पैसे पाठवले होते, ते पैसे कुणातरी बाईंकडून फसवून घेतलेले होते. त्या बाईंनी १९३० वर फोन केला, आणि पैसे ज्या ज्या खात्यांतून पुढे गेले त्या प्रत्येक खात्यापर्यंत तो माग पोचला. यात ब्लॉकचेन कुणी बघितलीच नाही! बँकेतून बँकेत गेलेला रुपया बघितला. मुलानं पैसे चोरले नव्हते, पण ‘मी यूएसडीटी दिलं होतं’ हे सिद्ध करायला त्याच्याकडे त्या टेलिग्राम चॅटचे दोन स्क्रीनशॉट होते, आणि समोरच्यानं अकाउंट उडवलेलं. मेसची फी, आईनं पाठवलेले पैसे, सगळं त्याच खात्यात. दोन महिने मित्रांच्या उधारीवर काढले त्यानं.

ज्याला बाजारभावापेक्षा महाग यूएसडीटी घ्यायला परवडतं, त्याला इतकी घाई कशाची आहे, हा प्रश्न विकायच्या आधी स्वतःला विचारा. आणि हो, पीटूपीत टीडीएस चुकत नाही, तो कापायची जबाबदारी फक्त घेणाऱ्यावर येते. घेणारा कापत नाही हा भाग वेगळा. तुमच्या नफ्यावरचा टॅक्स आहे तिथेच आहे.

आणखी एक गैरसमज दूर करतो. सरकारला दिसतं म्हणजे सरकार तुमचं वाचवेल, असं नाही. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांच्या आसपासचं क्रिप्टो चोरीला गेलं. चोरीचे पैसे कुठल्या पत्त्यावर गेले हे त्याच दिवशी इंटरनेटवर कुणालाही दिसत होतं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियानं संयुक्त निवेदन काढून उत्तर कोरियाच्या हॅकर्सचं नाव घेतलं. चोर दिसला, चोरीचा माल दिसला, पण प्याँगयांगला जाऊन समन्स कोण बजावणार? ज्या देशात दार वाजवता येत नाही, तिथे उघडी वही नुसती वाचत बसायची. इकडे ग्राहकांनी टॅक्स भरलेला, टीडीएस कापलेला, केवायसी दिलेलं, आणि पैसे मात्र महिनोन्‌महिने अडकलेले. बँकेतल्या ठेवीवर पाच लाखांपर्यंत विमा असतो. क्रिप्टोवर असा विमा नाही.

पुढे काय येतंय? देशादेशांमधली माहितीची देवाणघेवाण. ओईसीडीनं एक चौकट तयार केली आहे, तिला ‘कार्फ’ म्हणतात. बँक खात्यांची माहिती देश जशी एकमेकांना देतात, तशी एक्सचेंजवरची माहिती द्यायची. पहिल्या तुकडीतले देश २०२७ पासून हे सुरू करणार आहेत आणि भारतही यात येतोय. म्हणजे दुबई-सिंगापूरच्या ॲपवर खातं आहे म्हणून आयकर खात्याला कळणार नाही, हा हिशेब दर वर्षी कच्चा होत जाणार. आणि तो टोपणनावाचा मुद्दा आठवा: आज जोडलं गेलेलं नाव मागच्या सगळ्या पानांवर लागू होतं. २०२१ मध्ये केलेला व्यवहार तेव्हा कुणी पाहिला नाही म्हणून पुसला गेलेला नाही.

एपिसोडच्या शेवटी लाइव्ह चॅटवर आलेले तीन प्रश्न राहिले होते, ते पटकन.

“नुसतं घेऊन ठेवलंय, विकलं नाही. टॅक्स लागतो का?” नाही. विकल्यावर, किंवा दुसऱ्या कॉइनशी बदलल्यावर लागतो. बिटकॉइन देऊन इथेरियम घेतलं तर तेही विकल्यासारखंच धरतात, रुपये हातात आले नसले तरी. इथे खूप जण फसतात.

“सगळ्यातच तोटा झालाय, तरी दाखवू का?” दाखवा. तोट्याचा फायदा मिळणार नाही, पण टीडीएस कापलेला असेल तर तो परत मागायचा मार्ग रिटर्नमधूनच जातो. आणि शेड्यूल व्हीडीए रिकामा ठेवला तर त्या ४४ हजारांच्या यादीसारख्या पुढच्या एखाद्या यादीत नाव जातं.

“ॲप बंद पडलं तर जुने व्यवहार कुठून आणू?” हा आजचा सगळ्यात शहाणा प्रश्न. दर तीन महिन्यांनी एक्सचेंजवरून ट्रेड हिस्टरी डाउनलोड करा आणि स्वतःला ईमेल करा. खरेदीची तारीख, किंमत, विक्रीची तारीख, किंमत. खरेदी किमतीचा पुरावा नसेल तर वजा काय करणार? मग विक्रीची अख्खी रक्कम नफा धरली जायची भीती असते. एक लाखाला घेतलेलं एक लाखाला विकलं, आणि टॅक्स ३१,२०० वर भांडत बसलात, असं व्हायला नको. डाउनलोडचं बटण बहुतेक ॲपमध्ये ‘रिपोर्ट्स’ किंवा ‘टॅक्स’ या नावाखाली असतं. सापडलं नाही तर ॲपचं नाव कमेंटमध्ये टाका, मी शोधून सांगतो.